नावडतीचे मीठ अळणी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एका मराठी घरात गेल्या दिवाळीत वाद पेटला तो स्पीकरवरून. वडिलांच्या खोलीतील लाकडी खोक्यांची जोडी तीस वर्षांची, शहरातल्याच एका कारागिराने बनवलेली. नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्या बोनसमधून नामांकित कंपनीचे स्पीकर आणले आणि म्हणाला, “बाबा, ही खोकी आता भंगारात द्या. यांना ना नाव, ना गाव!”

“गाव आहे. रायपूर,” वडील एवढेच म्हणाले.

त्यांना वाईट वाटले ते खोक्यांसाठी नव्हे. दोनच महिन्यांपूर्वी कागदी कोनाभोवतीची फोमची कड झिजून आवाज फाटू लागला, तेव्हा त्याच म्हाताऱ्या कारागिराने दुपारभर बसून ती बदलून दिली होती. प्लायवूड कापायचे, जळलेली कॉईल पुन्हा गुंडाळायची, नवा कोन चिकटवायचा, यातच त्याचे आयुष्य गेले. खोक्यावर तो स्वतःचे नाव कधीच घालत नाही. कारण विचारले तर हसून म्हणतो, “नाम लिखूँगा तो लोग पूछेंगे, ये कौन-सी कंपनी है? बिना नाम के कम से कम सुन तो लेते हैं।”

बापलेकांचा अबोला आईला सहन होईना. तिने दोन्ही जोड्यांपुढे चादर टांगली. गाणे एकच. आवाजही सारखा, कारण किंचित मोठा असलेला स्पीकर बहुधा सरस वाटतो. पाच वेळा जोड्या बदलून वाजवल्या. मुलाने चार वेळा पसंती दिली ती जुन्या खोक्यांना! चादर काढून तेच गाणे पुन्हा लावले, तर तो म्हणतो, “तरी नव्याचा आवाज जास्त भरदार आहे.”

“अरे, आता तू डोळ्यांनी ऐकतोस!” आई म्हणाली.

मुलाने वरमण्याचे कारण नव्हते. स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकेतील हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली आपल्याच 40 कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला होता. चार स्पीकर पडद्याआडही ऐकवले आणि उघड्यावरही. डोळ्यांना दिसताच मोठ्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. अनुभवी कानही याला अपवाद नव्हते. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात ते काही खोटे नाही.

याचा अर्थ गल्लीतला प्रत्येक स्पीकर उत्तम असतो असे नाही. खोक्याचे माप आतल्या स्पीकरशी जुळले नाही तर आवाज घुमतो. एकाच हातच्या दोन खोक्यांतही फरक पडतो. मोठ्या कंपनीकडे चाचणीची सोय असते, हमीपत्र असते. पण निवड नाव वाचून करण्याआधी आपल्या ओळखीचे गाणे लावून दोन्ही ऐकायला काय हरकत आहे? आज छोट्या कारागिराकडे कुणी फिरकलेच नाही, तर उद्या कड बदलून द्यायलाही कुणी उरणार नाही.

नवी जोडी मुलाच्या खोलीत गेली, जुनी जागच्या जागी राहिली. पुढच्या महिन्यात मुलगा आपल्या मित्राला घेऊन त्या कारागिराकडे गेला आणि एक जोडी सांगितली. अट एकच, मागे नाव लिहायचे. कारागीर बराच वेळ पेन्सिल धरून बसला. मग त्याने स्वतःचे नाव लिहिले आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत, रायपूर.