वूल्सथॉर्पच्या वाड्यास

लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्पच्या वाड्या,

तुला वाडा म्हणताना मी जरा अडखळते. तुमच्याकडे ‘मॅनर’ म्हणजे गावच्या जमिनीवर ज्याचे वतनी हक्क, त्याचं घर. पण तुझ्यात ना बुरूज, ना नगारखाना. करड्या चुनखडी दगडाचं साधं घर, आणि शेजारी गोठे-कोठारं. मग आठवलं, आमच्याकडे धनगर मेंढ्या कोंडतात त्यालाही वाडाच म्हणतात. तुला दोन्ही अर्थ शोभतात, आणि मला तू आवडतोस तो त्या दुसऱ्या अर्थासाठी.

रॉबर्ट न्यूटन या शेतकऱ्यानं 1623 मध्ये हे वतन विकत घेतलं. त्याचा मुलगा आयझॅक 1642 च्या ऑक्टोबरात वारला, तेव्हा मागे 234 मेंढ्या आणि 46 गुरं होती. एवढा ऐवज जोडणाऱ्या त्या माणसाला स्वतःची सही करता येत नव्हती. तो गेल्यावर, त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे नाताळच्या दिवशी, तुझ्याकडे त्याच्याच नावाचं मूल जन्मलं, तेच पुढचे शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन. ते तीन वर्षांचं असताना आई हॅना दुसरं लग्न करून नॉर्थ विदमला गेली. गाव अगदी जवळ, पण पोराला तिनं नेलं नाही. आजीनं त्याला तुझ्या छपराखाली वाढवलं. 1653 मध्ये पुन्हा विधवा होऊन आई तीन मुलांसह परतली, तोवर आठ वर्षं उलटत आली होती. त्या वर्षांत तो तुझ्या कुठल्या खिडकीशी बसून वाट पाहत असेल, हे तुला विचारावंसं वाटतं.

शाळेतून काढून तिनं त्याला शेतीला जुंपलं, ते त्याला जमलं नाही. त्याच्या मेंढ्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या, डुकरं उभ्या पिकात गेली, कुंपण मोडकंच राहिलं. 1659 मध्ये वतनी कचेरीत या तिन्ही गोष्टींसाठी दंड झाला. मेंढ्यांचाच तीन शिलिंग चार पेन्स. वतनदाराच्याच घरचा मुलगा, तरी कुणी डोळेझाक केली नाही. त्याला पुन्हा शिकायला पाठव, अशी मामा आणि शिक्षकांनी आईची समजूत घातली नसती, तर तो तुझ्याच रानात खितपत पडला असता.

पुढे तो शिकत होता ते केंब्रिज प्लेगनं बंद पडलं आणि 1665 मध्ये तो परत आला, ती गोष्ट जगाला पाठ आहे. लोलक, प्रकाश, गणित, गुरुत्वाकर्षण. सफरचंद डोक्यात पडल्याची गोष्ट मात्र नंतर रचलेली. म्हातारपणी, 1726 मध्ये, त्यानं विल्यम स्टकलीला एवढंच सांगितलं होतं, की फळ खाली पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार मनात आला. पण असा बसून विचार करणाऱ्या पोराची भाकरी ज्या मेंढ्यांवर निघत होती, त्यांचं नाव कुणी घेत नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

1679 मध्ये आई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तो तिच्यापाशी धावला. रात्र-रात्र जागला, तिच्या अंगावरचे फोड स्वतःच्या हातानं धुऊन बांधले. ज्या आईनं त्याला मागे ठेवलं होतं, तिच्यासाठी. त्याच्या साऱ्या चरित्रात मला ही आठवण सर्वांत मोठी वाटते.

1727 मध्ये तो गेला. लग्न नाही, मूल नाही. वतन लांबच्या नातलगाकडे गेलं आणि थोड्याच वर्षांत विकलं गेलं. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षं तुझ्यात कुळं राहिली. खरं सांगायचं तर तुला त्यांनीच जगवलं. घर रिकामं राहिलं की छप्पर गळतं, भिंती फुगतात, हे आमच्याकडच्या ओस पडलेल्या गढ्या पाहून मला ठाऊक आहे. तुझ्यात रोज चूल पेटत राहिली. नॅशनल ट्रस्टनं 1940 च्या दशकात तुला ताब्यात घेतलं, तेव्हा हाती आलं ते कुळांनी सांभाळलेलं घर होतं.

तुझ्या बागेतलं ते सफरचंदाचं झाड 1820 च्या सुमारास वादळात आडवं झालं. काही लाकडाची खुर्ची झाली. बुंधा होता तिथंच राहू दिला, आणि पडल्या जागी त्यानं नवी मुळं धरली. त्याच्या वंशातली रोपं पुढे पुण्यात, जयंत नारळीकरांनी उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही लावली गेली. मूळ झाड अजून तुझ्यासमोर उभं आहे. फळ मोठं, जरा आंबट, शिजवून खायच्या जातीचं.

तुझी,
एक मराठी वाचक