राजवाडा ते केदारकंठा : प्रवासाची दैनंदिनी (भाग पहिला)

शुक्रवार, राजवाडा, इंदूर

संध्याकाळी उरलीसुरली खरेदी उरकली. लोकरी मोजे, कानटोपी, जेल रोडवरून हेडटॉर्च. भाची पहिल्यांदाच बर्फात निघाली आहे. "मावशी, एखादी जीन्स टाकू का गं?" म्हणाली. अजिबात नाही. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि थांबल्या क्षणी अंग काकडायला लागतं. आत चटकन वाळणारा सिंथेटिक थर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. माळव्यात थंडी पडली की आपण सराफ्यात गराडू खायला धावतो. इथली थंडी तेवढीच असते. हे प्रकरण निराळं आहे.

परतताना राजवाड्यासमोर थांबलो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१, १८३४ आणि १९८४, तीन वेळा हा वाडा आगीत सापडला, आणि तरीही उभा आहे. आम्ही निघालोय तिकडे तर गावंच्या गावं लाकडाची आहेत.

औली आणि गुलमर्ग सोडून केदारकंठा का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. तिथे दोरीच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि स्कीवरून घसरत खाली यायचं, मजा आहेच. पण मला बर्फातलं जंगल पायी बघायचं होतं, आणि त्यासाठी टोन्स नदीच्या खोऱ्यासारखी जागा नाही.

रविवार, सांकरी

दिल्लीमार्गे काल देहरादून गाठलं. आज पहाटे जीप निघाली आणि अख्खा दिवस रस्त्यात गेला. मसुरी, केम्प्टी, नैनबाग, नौगाव, पुरोला. पुरोल्यापर्यंत वाट यमुनेच्या खोऱ्यातली, तिथून पुढे चिडाच्या झाडांचं दाट जंगल, आणि मोरीला टोन्स भेटते. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या मिळून टोन्स होते. यमुनेची ही हिमालयातली सगळ्यात मोठी उपनदी, पण आपल्याकडे तिचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. नैटवाडच्या चौकीवर गोविंद राष्ट्रीय उद्यानाची परवानगी घ्यावी लागते. १९५५ साली अभयारण्य झालेलं हे जंगल गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचं आहे आणि त्याच्या वरच्या भागात हिमबिबट्या राहतो.

सांकरीत मायक्रोस्पाइक (बुटांखाली चढवायचे काटे) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) भाड्याने मिळतात. उगाच विकत घेऊ नका.

सोमवार, जुडा का तालाब

आजचा दिवस या सहलीतला सगळ्यात सुंदर, हे शिखर पाहायच्या आधीच लिहून ठेवते.

गाव मागे पडलं आणि तासाभरात पायाखाली बर्फ लागला. आधी देवदार आणि कैल, मग खर्सू. खर्सू म्हणजे इथला ओक. भर हिवाळ्यातही हिरवा, कडेने काटेरी पानांचा. गवत बर्फाखाली गेलं की गावातली गुरं याच पानांवर निभावतात. देवदाराखाली उभं राहून वर पाहिलं तेव्हा फांद्यांच्या प्रत्येक थरावर बर्फ साचलेला दिसला. जरा ऊन लागलं की वरच्या फांदीचा बर्फ सुटतो, खालच्या फांदीवर पडतो, तिचाही घेऊन निघतो, आणि शेवटी सगळा धुरळा होऊन आपल्या डोक्यावर येतो. भाची मुद्दाम त्याच्या खाली जाऊन उभी राहत होती.

बुंध्याजवळ मात्र जायचं नाही, असं गाइडने दोनदा बजावलं. फांद्यांच्या छत्रीमुळे बुंध्यालगत बर्फ कमी साचतो आणि भोवती पोकळ खड्डा राहतो. वरून भुसभुशीत बर्फाने झाकलेला असतो, पाय पडला की माणूस कमरेइतका आत. त्याने काठी खुपसून दाखवली, मुठीपर्यंत गेली.

चालायचं तंत्रही त्यानेच शिकवलं. चढताना बुटाचा चवडा बर्फात ठोकून पायरी करायची, उतरताना टाच आधी रोवायची. "दीदी, घाई नको. आपल्यापुढच्याच्या पावलात पाऊल," एवढंच तो म्हणत राहिला.

तलाव गोठलेला होता. शंकराच्या जटेतून पडलेल्या पाण्याचा हा तलाव, असं इथले लोक सांगतात. वर चालायचा मोह कितीही झाला तरी चालू नये. बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते.

मंगळवार, पायथ्याचा तळ

चढ थोडा, झाडं विरळ होत गेली. पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी हातात गोळा येतो. कॅमेऱ्याची बॅटरीही तशीच उशाशी. साडेसातलाच आडवे झालो.

बुधवार, केदारकंठा, ३,८१० मीटर

पहाटे तीनला निघालो. एवढ्या आडवेळी निघायचं कारण सूर्योदय नव्हे, बर्फ. रात्री गोठून घट्ट झालेला बर्फ वजन पेलतो. उन्हं चढली की मऊ होतो आणि पावलोपावली गुडघ्यापर्यंत रुततो. अंधारात वर फक्त टॉर्चची रांग दिसत होती आणि मायक्रोस्पाइकचा करकर आवाज. माथ्याखालचा शेवटचा चढ खडा आहे. भाचीने तिथे तोंडातून शब्द काढला नाही, पण थांबलीही नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

माथ्यावर दगड रचून केलेलं शंकराचं छोटं ठाणं आणि त्रिशूळ. समोर स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपुच्छ. तेनसिंग यांनी १९५० मध्ये गिब्सन यांच्या तुकडीबरोबर बंदरपुच्छ सर केलं, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. ही गोष्ट ऐकल्यावर भाची त्या शिखराकडे फार वेळ बघत होती. इकडून केदारनाथ दिसत नाही, पण त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंची आठवण इंदूरच्या माणसाला होणारच. मी त्रिशुळाला हात लावून नमस्कार केला.

उतरताना मोकळ्या उतारावर सगळे बसून घसरले. मीही. मायक्रोस्पाइक आधी काढून ठेवावे लागतात. ते अडकले तर घोटा मुरगळतो.

गुरुवार, पुन्हा सांकरी

दुपारी शेजारच्या सौड गावात हिंडलो. देवदाराच्या फळ्यांची घरं, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, खाली गुरं, वर माणसं, आणि धान्याची कोठारं घरापासून वेगळी बांधलेली. घर पेटलं तरी वर्षाचं धान्य वाचावं म्हणून. याच मोरी तालुक्यातल्या सावणी गावात फेब्रुवारी २०१८ मध्ये आग लागली आणि कितीतरी घरं जळून गेली. हिवाळ्यात घरोघरी चुली आणि शेगड्या, भिंती वाळलेल्या लाकडाच्या, पाणी गोठलेलं. ओसरीवर शेकत बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला चहा दिला. पैसे काही घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. वाटेवर चहाच्या टपऱ्यांमागे, तंबूंच्या जागी, बर्फातून डोकावणारी नूडल्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. थंडीत काही कुजत नाही. आता झाकलेलं सगळं वसंतात बर्फ वितळला की उघडं पडणार आणि पाण्याबरोबर सुपिनमध्ये उतरणार. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात इथे अतोनात गर्दी होते. गाइडच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा माथ्यावर उभं राहायलाही जागा नसते.

म्हणून इंदूरकरांना माझी विनंती आहे. डिसेंबरची अखेर टाळा, जानेवारीच्या मध्यानंतर या. बर्फ भरपूर असतो आणि जंगल शांत. गाइड आणि पोर्टर सांकरीतलेच घ्या, मजुरीत घासाघीस करू नका. आणि एक रिकामी पिशवी सोबत ठेवा, आपला कचरा देहरादूनपर्यंत परत न्या.