जत्रा विमानांची, हिशेब पावलांचा

यात्रेचा बेत देवापासून नव्हे, धर्मशाळेपासून करावा, असे आमची आजी म्हणे. विमानांच्या जत्रेलाही तोच न्याय!

बंगळूरजवळ येलहंक्याच्या हवाईतळावर १९९६ पासून 'एअरो इंडिया' भरते, बहुधा वर्षाआड. २०२५ साली ती १० ते १४ फेब्रुवारीला होती. वडिलांचे वय एकोणऐंशी. पुढल्या खेपेचा भरवसा कोणी द्यावा? तरुणपणी चष्म्यापायी त्यांची हवाईदलातली भरती हुकली होती. तेव्हा जायचे ठरले.

चिरंजीव म्हणाले, "विमानाने जाऊ." पण कसरतींच्या वेळी बंगळूरचा विमानतळच काही तास बंद ठेवतात! मी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसचे खालचे बर्थ धरले. ती येलहंक्यावरूनच जाते. मॅजेस्टिकजवळ खोल्या पुष्कळ. पण तिथून हवाईतळ पंधरा किलोमीटरांच्या वर, आणि त्या दिवसांत रस्त्यावर मोटारींचा पूर. म्हणून येलहंक्यातच तळमजल्यावरची खोली महिनाभर आधी सांगून ठेवली. प्रदर्शनाची दालने फिरणे वडिलांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. नुसत्या कसरती पाहण्याचे वेगळे तिकीट मिळते, तेच काढले.

मग सौभाग्यवतींनी यादी केली: टोप्या, औषधे, कानांत घालायला कापूस. 'सूर्यकिरण'ची नऊ विमाने डोक्यावरून जायची, म्हणून माझ्या मानेचा पट्टासुद्धा!

वडिलांनी यादी शांतपणे वाचली. खाली आपल्या वळणदार अक्षरात एकच ओळ वाढवली: "चष्मे, दोन."