फुंकरीची पेटी

दापोली

चि. सायलीस,


तुझा मेसेज मिळाला. लंडनच्या दुकानात ऑगस्टस पाब्लोची रेकॉर्ड दिसली आणि तुला माझ्या कपाटातली छोटी तबकडी आठवली. ‘मामा, हा कोण? तुझ्याकडे कसा आला?’ इतक्या वर्षांत या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. तुझी मामी त्याला ‘तो पिपाणीवाला’ म्हणते, म्हणून तिच्या देखत मी ती लावतही नाही.

मी बोटीवर होतो तेव्हा आम्ही जमैकातल्या किंग्स्टनला लागलो होतो. साल १९७६ असेल किंवा ७७. नॉर्थ परेडवर रँडीज नावाचं दुकान होतं, खाली रेकॉर्डची विक्री आणि वर स्टुडिओ. आत रेकॉर्ड वाजत होती. खर्ज असा की छातीत धडका बसाव्यात, आणि त्यावर एक बारीक, उदास सूर. मला वाटलं पेटी आहे. पण पेटीचा सूर भात्यावर लांबत जातो; हा मध्येच तुटायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. वाजवणारा दम घेत होता! ते थांबणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं; बोटीचं नाव विचारलंस तर आठवावं लागेल.

ते वाद्य मेलोडिका. तोंडाने फुंकायचं, बोटांनी पट्ट्या दाबायच्या; आत पेटीसारख्याच रीड. तिकडे शाळेतल्या मुलांना ते शिकवायचे. पाब्लोचं खरं नाव होरेस स्वाबी. शाळेतल्या एका मुलीकडून त्याला पहिली मेलोडिका मिळाली, असं सांगतात. ‘ऑगस्टस पाब्लो’ हे नाव दिलं हर्मन चिन-लॉय या निर्मात्याने. माझ्याकडे आहे ते ‘जावा’, १९७२चं, निर्माता क्लाइव्ह चिन. पोरांच्या वाद्याला पाब्लोने मोठ्यांच्या मैफलीत बसवलं.

पुढे तो स्वतः निर्माता झाला, ‘रॉकर्स’ हे लेबल काढलं. जेकब मिलरकडून एक प्रेमगीत गाऊन घेतलं आणि त्याची टेप किंग टबीकडे दिली. टबी मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा. त्याने गाणं जवळजवळ पुसूनच टाकलं: गळा मध्येच येतो, प्रतिध्वनीत विरतो, मागे उरतात ड्रम आणि खर्ज. मूळ गाण्यापेक्षा हे ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाऊन’च जास्त गाजलं. आपलं काम दुसऱ्याला असं खोडू द्यायला मोठं मन लागतं. आपल्याकडे साथीला बसलेले काही पेटीवाले गवयाला श्वास घेऊ देत नाहीत, त्यांना हे ऐकवायला हवं.

पाब्लोला स्नायू दुबळे करणारा आजार होता. फुंकरीवर जगलेला माणूस १९९९ साली फुफ्फुसाच्या दुखण्याने गेला, पन्नाशीही न गाठता. मुलगा अ‍ॅडिस मेलोडिका वाजवतो. तू शाळेत असताना पेटी शिकत होतीस. ती आता माळ्यावर आहे, भात्याला उंदरांनी भोक पाडलंय. दुरुस्त करून घेईन, पण वाजवणार कोण?

जमैकात जन्मलेला हा माणूस शेकडो वर्षांपूर्वी सुटलेल्या आफ्रिकेकडे तोंड करून वाजवायचा. एका तबकडीला नाव दिलं तेही नाईल नदीचं. तुला जाऊन थोडीच वर्षं झाली, तर गणपतीला यायला रजा नाही म्हणतेस. रागावू नकोस, म्हातारा झाला की माणूस बोलतोच. थंडीत कान बांधत जा.

आधी १९७७ची ‘ईस्ट ऑफ द रिव्हर नाईल’ ऐक, टबीची नंतर. मोबाइलवर मुळीच ऐकू नकोस, त्यात खर्ज येत नाही; चांगले स्पीकर असलेल्या कुणाकडे जा. आणि रविवारी आईला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा
मामा