दांडा हलेना

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग, आणि कडेला ऑटोमॅटिक पिकअप. बॅटरी उतरलेली, दांडा ‘पी’वर. मागचा ट्रकवाला ओरडला, "न्यूट्रल कर की, धक्का मारतो!"

दांडा हलेना. त्याचं कुलूप विजेवर सुटतं, तेही ब्रेक दाबल्यावर. शिवाय गिअरबॉक्समध्ये लोखंडी खिट्टी दातेरी चाकात रुतलेली. ढकलायला चार माणसंही फुकट.

पिकअपवाल्याने चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. दांड्याजवळचं नखाएवढं झाकण किल्लीने उचकटलं. आतली कळ दाबत, ब्रेकवर पाय ठेवून दांडा ‘एन’वर. (काही गाड्यांत दांडा नुसता शोभेचा, सगळा हुकूम तारेतून, तिथे बहुधा आधी जम्पर लावून 12 व्होल्टची सोय करावी लागते.)

ट्रकवाला वाकून झाकण बघत होता.