पाटाच्या शेवटीं

पाण्याचा हिशेब धरणावर करूं नये, शेवटच्या वाफ्यावर करावा, हें आम्हां वऱ्हाडांतील लोकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. धरण किती भरलें तें वर्तमानपत्रांत छापून येतें. पाटाच्या टोंकाशीं ज्याचें शेत असतें त्याच्या वाफ्यांत किती पाणी उतरलें, तें त्याचें त्यालाच ठाऊक. मधल्या वाटेंत कांहीं झिरपतें, कांहीं उन्हानें उडून जातें, कांहीं वरचे लोक वळवून घेतात. हा आमच्या घरचा अनुभव पदार्थविज्ञानाच्या एका अत्यंत सूक्ष्म व अत्यंत खर्चाच्या शाखेंत जसाच्या तसा आढळावा, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. ही शाखा म्हणजे केऑन नांवाच्या कणांचे दाट झोत देणाऱ्या यंत्रशाळांची आंखणी. नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये. विषय पाटाचाच आहे.

केऑन मनुष्याच्या हातीं प्रथम लागला तो पावसासारखा, आभाळांतून. १९४७ सालच्या डिसेंबरांत मँचेस्टर येथील रॉचेस्टर व बटलर यांनीं दोन छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. विश्वकिरणांच्या आघातानें जन्मलेले अनोळखी कण बाष्पानें भरलेल्या पेटींतून जातां जातां मोडले होते. एका चित्रांत दोन रेषा एका बिंदूपासून फांकल्या होत्या, दुसऱ्यांत एक रेषा मध्येंच एकाएकीं वळली होती. पुढें बराच काळ वाट पाहूनहि तेथें तिसरें चित्र मिळेना. तेव्हां संशोधकांस पेट्या घेऊन पर्वतांवर जावें लागलें. आपल्याकडेहि १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल व यश पाल यांनीं छायाचित्रणाचे जाड थर फुग्यांबरोबर उंच आभाळांत पाठवून त्यांवर उमटलेल्या के-मेसॉनांचे, म्हणजे ह्याच कणांचे, माग काढले. तें कोरडवाहू विज्ञान होतें. आभाळ देईल तें आणि देईल तेव्हां घ्यावयाचें.

त्याच सुमारास अमेरिकेंत मोठीं कणवेगवर्धक यंत्रें चालूं झालीं आणि विज्ञानानें पाटाची शेती धरली. १९६४ सालीं ब्रुकहेव्हन येथें क्रोनिन, फिच व त्यांचे सहकारी यांस उदासीन केऑनांच्या मोडण्यांत असा पुरावा मिळाला कीं, द्रव्य व प्रतिद्रव्य यांस सृष्टि अगदीं एकाच नियमानें वागवीत नाहीं. विश्वांत द्रव्य उरलें आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाहींसें झालें, म्हणून आपण आहों. हें कसें घडलें, ह्या प्रश्नाकडे जाणारी एक वाट केऑनच्या मोडण्यांतून जाते. म्हणून तो कण थोडा नको, पुष्कळ हवा.

पुष्कळ हवा म्हणजे जोराचा टोला हवा, असें कोणासहि वाटेल. टोल्याचें स्मारक पाहण्यास आम्हांस जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. लोणारास काळ्या बसाल्टांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर पाडून एक अशनि केव्हांच नाहींसा झाला; त्या टोल्यानें काय काय उधळलें याची मोजदाद करावयास तेथें कोणी नव्हतें. यंत्रशाळेंत टोला ही केवळ सुरुवात असते. वेगवान प्रोटॉन धातूच्या लक्ष्यावर आदळले म्हणजे जें उधळतें त्यांत बहुतेक पायॉन असतात, केऑन थोडे. आणि हे थोडे फार अल्पायुषी. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारें १२ भाग एवढें धन केऑनचें सरासरी आयुष्य. तेवढ्या वेळांत प्रकाशहि ३.७ मीटरच जातो.

वेगानें धावणाऱ्या कणाचें आयुष्य आपल्या घड्याळांत लांबतें, ही आइन्स्टाइनची कृपा. तथापि ती कृपाहि मोजून घ्यावी लागते. एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट संवेगाचा केऑन सरासरी साडेसात मीटर टिकतो. लक्ष्यापासून प्रयोगापर्यंतचा पाट ३० मीटरांचा केला, तर शंभरांतील जेमतेम दोन केऑन शेवटीं पोंचतात. तोच १५ मीटरांचा केला, तर तेराचौदा. प्रोटॉनांचा मारा सातपट वाढवून जें साधलें असतें, तें पाट निम्मा केल्यानें साधतें. पण निम्मा करावा कसा? पायॉन बाजूस सारण्यास विद्युत्-पट्टिका व चुंबकें हवींत आणि त्यांस जागा लागते. लक्ष्यापाशींचा घातक किरणोत्सर्ग अडविण्यास पोलाद व काँक्रीट यांच्या जाड भिंती लागतात. झोत शुद्ध करूं गेलें तर तो आटतो, आटूं न द्यावा तर गढूळ राहतो. ह्या दोहोंच्या मध्यें हातहात जागेसाठीं जी ओढाताण चालते, तिचेंच नांव आंखणी.

प्रोटॉन सोडण्याचीहि रीत आहे. ते एकदम सोडले तर प्रयोगाच्या उपकरणांस एक कण दुसऱ्यापासून ओळखतां येत नाहीं. म्हणून दार किंचित् उघडून ते कांहीं सेकंद हळूहळू बाहेर काढतात. जपानांत तोकाई येथील जे-पार्क यंत्रशाळेंत २३ मे २०१३ रोजीं यंत्राच्या बिघाडानें दोन सेकंदांत सोडावयाचे प्रोटॉन सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत सुटले. सोन्याचें लक्ष्य तापून बिघडलें आणि किरणोत्सारी द्रव्य शाळेंत व शाळेबाहेर पसरलें. तेवढेंच पाणी, पण एकदम सोडलें कीं बांध फोडतें.

जिनीव्हाजवळील सर्न येथील एनए-६२ प्रयोगानें दुसरा मार्ग धरला. तेथें ४०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळतात आणि उधळलेल्या कणांतून ७५ अब्जांच्या संवेगाचे कण निवडले जातात. ह्या वेगास केऑन सरासरी साडेपांचशें मीटरांहून अधिक टिकतो. पाट लांब असला तरी चालतो. पण इतक्या वेगांत पायॉन वेगळे काढणें साधत नाहीं. म्हणून सगळाच लोंढा येऊं द्यावयाचा, दर सेकंदास सुमारें ७५ कोटी कण, आणि त्यांत जे शेंकडा सहा केऑन आहेत त्यांतील प्रत्येकास त्याच्या प्रकाशखुणेवरून ओळखावयाचें. शोधावयाचें काय, तर केऑन मोडून एक पायॉन व न्यूट्रिनोंची एक जोडी होणें. हें हजार कोटींत सुमारें एकदां घडतें. २०१६ ते २०२२ ह्या वर्षांतील मोजणींतून ५१ घटना हातीं लागल्या. त्यांतील सुमारें १८ दुसऱ्याच कारणांच्या असाव्या, असा हिशेबहि त्यांनीं आपणच मांडला. २०२४ सालीं हें जाहीर झालें. आम्हांस ५१ ह्या आंकड्यापेक्षां १८ हा आंकडा अधिक आदरणीय वाटतो. आपल्या पिकांत तण किती, हें बाजारांत आधींच सांगणारा विरळा.

हें सर्व आम्ही आमच्या ओळखीच्या एका कास्तकारास एकदां सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "गुर्जी, हजार कोटीतला एक कन धरून आपल्या वावरात काय पिकनार?" ज्या जिल्ह्यानें कर्जापायीं गेलेलीं माणसें पाहिलीं आहेत, तेथें हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. रोगोपचार, उद्योग, नवीं उपकरणें अशीं दूरदूरचीं फळें दाखवून त्याची समजूत घालणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. कांहीं पिकणार नाहीं, असेंच आम्ही म्हणालों.

असाच प्रश्न श्रीमंत देशांतहि विचारला जातो. कॅनडांत व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ संस्थेनें 'केऑन' ह्याच नांवाची एक मोठी यंत्रशाळा वर्षानुवर्षें आंखली. १९९४ सालीं सरकारनें पैसा नाकारला. सर्न येथें याहून दाट झोताचा 'हाइक' नांवाचा बेत पुढें आला होता. २०२४ सालीं ती जागा 'शिप' ह्या दुसऱ्या प्रयोगास मिळाली. आपल्या देशांत तर असा झोत देणारें यंत्रच नाहीं. प्रोटॉनानें प्रोटॉनावर आदळून केऑन निर्माण करावयाचा, तर निदान १६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ति लागते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील प्रोटॉनांचा नवा रेषीय वेगवर्धक दोन कोटींचा आहे. मात्र अमेरिकेंतील फर्मीलॅबच्या पिप-२ ह्या यंत्रासाठीं तुर्भें, इंदूर, कोलकाता व दिल्ली येथील संस्था भाग बनवीत आहेत. त्या यंत्राचा मुख्य रोख न्यूट्रिनोंवर असला, तरी मोठा झोत वाटेंत न सांडतां कसा न्यावा, ही विद्या त्यानिमित्तानें सातपुड्यापलीकडे इंदुरापर्यंत आली आहे.

आमच्या उत्तरानें तो कास्तकार रागावला नाहीं. थोडा वेळ थांबून म्हणाला, "मंग आपल्या पाटाचा असा हिशेब कोनी ठेवते का?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. २०२४ च्या ऑगस्टांत वैनगंगा-नळगंगा नदीजोडास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मान्यता दिली. गोसीखुर्दाहून निघणारा हा कालवा चारशें किलोमीटरांहून लांब आहे आणि त्याचें शेवटचें टोंक आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे. उगमाशीं किती पाणी उचलणार, तें सर्वांस ठाऊक झालें. कोसाकोसावर किती गळणार, दर टप्प्यावर तें कोण मोजणार, आणि ५१ सांगतांना १८ हि सांगण्याचें धैर्य कोण दाखविणार, हें आम्हीं अद्याप ऐकलें नाहीं. जेमतेम दोन केऑन शेवटास पोंचतील कीं तेरा, हें खडूनें फळ्यावर मांडल्यावांचून त्या यंत्रशाळांचा एक दगडहि रचला जात नाहीं. नळगंगेच्या टोंकाशीं बसलेल्या माणसासहि तेवढा एक फळा दाखवावा, एवढेंच आमचें मागणें आहे.