लोधीपुऱ्यातील कासव

भुसावळहून खांडव्याच्या गाडीत बसले की रावेर मागे पडते, पण केळीच्या बागा मागे पडत नाहीत. महाराष्ट्राची हद्द केव्हा ओलांडली हे खिडकीतून कळतही नाही, आणि बऱ्हाणपूर येते. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी वसविलेले हे शहर खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव आजही वागवीत आहे. १६३१ साली मुमताजमहल येथेच मरण पावली. प्रवासी येतो, शाही किल्ला पाहतो, तापीच्या राजघाटावर घटकाभर बसतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. लोधीपुऱ्यात शिरतो तो बहुधा बडी संगत या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी. दक्षिणेकडे जाताना १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा मुक्काम या शहरात झाला होता.

आमच्या नोकरीची काही वर्षे या शहरात गेली. तेवढ्या काळात एक गोष्ट मनावर ठसली, ती म्हणजे हे शहर मुळात पाण्याचे आहे. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणण्याची कुंडी भंडाऱ्याची योजना १६१५ च्या सुमाराची, मोगल अमदानीतली. उजेडासाठी आणि हवेसाठी तिच्यावर विहिरींसारख्या गोल कुंड्या बांधलेल्या आहेत. पाण्याचा इतका मान राखणाऱ्या गावात जुन्या घरांच्या विहिरी-हौदही मायेने सांभाळलेले असत. आणि विहिरीत कासव सोडण्याची आपल्याकडची जुनी चाल येथेही होती. कासव किडे, शेवाळ, मेलेला बेडूक खाऊन पाणी स्वच्छ ठेवते हा त्यातला व्यवहार. घरात कासव असले की लक्ष्मी स्थिर राहते ही त्यावरची श्रद्धा.

असे एक कासव आम्हांला लोधीपुऱ्यात भेटले. तीन पिढ्यांपूर्वी खानदेशातून येऊन स्थायिक झालेले ते मराठी कुटुंब. नातू आमच्या शाळेत आठवीत होता. विहीर बुजवली तेव्हा त्यातले कासव मागल्या अंगणातील हौदात आले, आणि हौदावर पत्र्याचे छप्पर असल्यामुळे सूर्यदर्शनाला कायमचे मुकले. मुलगा रोज पोळीचे तुकडे टाकी. हौदाच्या काठावर त्याची सावली पडली की कासव वर येई, नळीसारखे नाक पाण्याबाहेर काढी.

“सर, हे मला ओळखते,” मुलगा अभिमानाने म्हणाला.

ते खोटे नव्हते. कासवाला अन्न देणाऱ्याची ओळख पटते. ठरलेली वेळ आणि ठरलेले माणूस त्याच्या ध्यानात राहते. पण ही ओळख म्हणजे कुत्र्याचा लळा नव्हे. कासवाला कुरवाळून घेण्याची हौस नसते. उचलले की ते अंग आत ओढते, ते लाजून नव्हे, भिऊन. त्याचे कवच ही पाठीवर ठेवलेली ढाल नाही. बरगड्या आणि पाठीचा कणा यांच्याशी ते एकजीव झालेले असते, आणि त्यावर फिरणारे बोट कासवाला जाणवते. हौदातले कासव तर आपल्या तळ्याविहिरींत आढळणाऱ्या मऊ कातडीच्या पाठीचे. त्याच्या पोटाकडच्या बाजूला मागे दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या दारासारख्या मिटतात. मान लांब, चावा कडक.

दूध, पोळी, भात हे कासवाचे अन्न नव्हे. शंख-गोगलगायी, मासे, पाणवनस्पती हा त्याचा आहार. ऊन अंगावर पडले नाही तर शरीराला चुना पचत नाही, हाडे आणि कवच दुबळे होते. आम्ही मुलाला पाठीच्या कडा दाखविल्या. त्या खडबडीत होऊन वळल्या होत्या. मुलगा गप्प झाला.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतरही ते कायम आहे. ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे. हे आम्ही सांगितले तेव्हा आजी म्हणाल्या, “गुरुजी, माझ्या सासूबाईंच्या हातचं आहे हो ते. घरातून गेलं तर घराचं काय व्हायचं?”

आजींच्या भीतीला कायद्याचे कलम हे उत्तर नव्हते. त्या नित्य हरिपाठ म्हणणाऱ्या. म्हणून आम्ही त्यांना संतांच्या आवडत्या कूर्मदृष्टीची आठवण दिली. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, अंगाखाली घेत नाही. नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते, असा तो दृष्टान्त. प्राणिशास्त्र सांगते की आपल्याकडची कासवी मातीत खळगा करून अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंडही पाहत नाही. तरीही दृष्टान्ताचे मर्म खोटे ठरत नाही. न शिवता माया करता येते, हे सांगायला संतांना दुसरा प्राणी सुचला नाही. “आजी, तुमची नजर त्याच्यावर आहेच,” आम्ही म्हणालो, “ती नदीपर्यंत पोचेल.”

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग नातवाकडे पाहून म्हणाल्या, “याला विचारा. पोळी हाच घालतो.”

मुलाने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्यानेच वडिलांना वनखात्याच्या कचेरीत नेले. स्वतःच तापीत सोडावे असे त्याच्या मनात होते, पण तेही योग्य नव्हे. वर्षानुवर्षे कोंडलेल्या कासवाला रोग असू शकतो, तो नदीतल्या इतरांना लागतो; कोठे आणि केव्हा सोडायचे ते जाणत्यांनीच ठरवावे. वनखात्याची माणसे आली तेव्हा कासव टबात ठेवण्याचे काम त्यांनी मुलालाच दिले. पुढच्या पायांमागे दोन्ही बाजूंनी धरायचे, खालून तळव्यांचा आधार द्यायचा, जमिनीपासून फार वर न्यायचे नाही, उलथे करायचे नाही, आणि मग साबणाने हात धुवायचे, कारण कासवाच्या अंगावरील जंतूंनी माणसाला हगवण लागते. सारे त्याने नीट केले. आजींनी दुरूनच कुंकवाची चिमूट वाहिली.

सध्या शहरांतील दुकानांत कानाजवळ लाल पट्टा असलेली चिमुकली कासवे विकतात. ती मूळची अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातली. नाण्याएवढे पिलू पाहता पाहता ताटाएवढे होते, काचेच्या भांड्यात मावेनासे होते, आणि मालक ते तळ्यात टाकून मोकळा होतो. मग ते आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाची जागा बळकावते. ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांनी मोठी टाकी, ऊन आणि योग्य आहार देऊन शेवटपर्यंत सांभाळावे. पाण्यात कधीही सोडू नये. ज्यांच्या घरी नाही त्यांनी आणू नये.

मुलांना कासवाची ओढ असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांना कोकणात वेळासला न्यावे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. पूर्वी येथे समुद्रकासवांची अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने ती राखण्यास प्रारंभ केला. किनाऱ्यावरच्या कुंपणात अंडी पुरून ठेवतात. पावणेदोन महिन्यांच्या आसपास पिले बाहेर पडतात आणि वाळूवरून समुद्राकडे धावतात. पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहायचे असते. हात लावायचा नसतो.

आमचा विद्यार्थी अद्याप वेळासला गेलेला नाही. पण सुटीच्या दिवशी सकाळी तो राजघाटावर दिसे. तापी ही सूर्यकन्या, यमुनेची बहीण. आणि यमुनेचे वाहन कासव, हे आम्ही त्याला वर्गात सांगितले होते. पाण्यातल्या एखाद्या खडकावर काळसर काही हलले की तो श्वास रोखून पाहत बसे. ते त्याचेच कासव आहे काय, असे त्याने आम्हांला एकदाही विचारले नाही.